राखलेलं विरजण

बाळांनो, आणि बाळांच्या आयांनो, तुम्हीही हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि ऐका. ही गोष्ट कधीची, ते कुणालाच नीट ठाऊक नाही. आपल्या पणजीच्या पणजीनंसुद्धा ती "खूप पूर्वीची" म्हणूनच ऐकली असेल.

तेव्हा डोंगरांच्या माथ्यावर एक राज्य होतं. लोक त्याला माथ्याचं राज्य म्हणत. तिथे ज्वारी उदंड पिके, गुरं धष्टपुष्ट, माणसं कष्टाळू. सगळं होतं, पण मीठ नव्हतं. मीठ यायचं खालून, समुद्रकाठच्या राज्यातून. एकच घाट, घाटात एकच वाट. त्या वाटेनं बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या वर चढायच्या, आणि परत जाताना त्याच बैलांवर ज्वारी खाली जायची. घाटाच्या तोंडाशी माथ्याच्या राज्याची गढी होती. ती गढी ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळा माथा.

या राज्याच्या मधोमध एक पांढरं रान होतं. पावसाळा सरून ऊन पडलं, की तिथली माती पांढरी व्हायची, जणू कुणी दळण सांडलंय. गवताचं पातं तिथे उगवत नसे. कधीकाळी लोकांनी ती पांढरी माती खाऊन बघितली होती आणि गावंच्या गावं आजारी पडली होती. तेव्हापासून ते रान शापित ठरलं. तिथून चालत आलेल्या माणसानं वेशीवरच्या दगडी डोणीत पाय धुवायचे, मगच गावात पाऊल टाकायचं, अशी रीत पडून गेली. कडेवरच्या मुलाचे पाय मातीला लागलेले नसले, तरी तेही धुवायचे.

राज्य चालवत होती एक तरुण राणी. तिचा राजा तापानं गेला होता आणि मांडीवरचं पोर अजून धड बोलतही नव्हतं. राज्य पोराच्या नावाचं, कारभार आईच्या हातात. दरबारात बसली तरी राणीचा अर्धा कान आतल्या दालनाकडे असायचा. बाळ शिंकलं तरी ती बोलता बोलता उठून आत जायची. झोपलेल्या बाळाच्या नाकाशी ती बोट धरून बघायची, आणि मग स्वतःच्याच वेडेपणाला हसायची.

त्या वर्षी दसरा झाला आणि घाट बंद झाला. समुद्रकाठच्या राजानं वाटेवर शिळा लोटल्या, शिळांमागे सैन्य बसवलं, आणि वर एक वकील पाठवला. वकील मोठा गोडबोल्या. त्यानं बाळराजांच्या गालाला हात लावला, आजोळचा मामा आल्यासारखा पिशवीतून खाऊ काढला, आणि मग निरोप सांगितला. पोरकं लेकरू आमच्या महालात वाढू द्या, आम्ही पोटच्या पोरासारखं सांभाळू. संक्रांतीला मेणा पाठवतो. मेणा बाळाला घेऊन खाली आला, की त्याच दिवशी मिठाचे बैल वर चढतील. मेणा रिकामा आला, तर बैल यायचे नाहीत.

याचा अर्थ दरबारातल्या सगळ्यात भोळ्या माणसालाही कळला. पोर ओलीस राहणार. आज पोर गेलं, की उद्या गढी जाणार.

राणीनं वकिलाला पानसुपारी देऊन वाटेला लावलं. तो गेल्यावर ती आत आली आणि बाळाच्या हातातला तो खाऊ काढून घेतला. बाळ रडलं. तिनं रडू दिलं.

सुरुवातीला लोकांना फारसं काही वाटलं नाही. घरोघरी मडक्याच्या तळाशी मीठ होतंच. मग तळ लागला. आमटी पाण्यासारखी लागू लागली, भाकरी घशाखाली उतरेना. बैल नांगर ओढता ओढता गुडघ्यांवर बसू लागले. गाईंचं दूध आटलं. सैनिकांच्या पायात गोळे येऊन ते पहाऱ्यावरच आडवे होऊ लागले. वाटीभर मिठासाठी कुणी गाय दिली, कुणी लेकीच्या लग्नाचं लुगडं दिलं. व्यापार बसला, बाजार ओस पडला. ज्वारीच्या राशी तशाच राहिल्या, कारण घ्यायला कुणी येईना.

एके दिवशी गढीवरचा एक पहारेकरी पकडला गेला. मूठभर मिठाच्या बदल्यात त्यानं खालचा माणूस आत सोडला होता. त्याला राणीपुढे उभं केलं तेव्हा तो मान खाली घालून एवढंच म्हणाला, "घरात बाळंतीण आहे, राणीसाहेब. तिला अन्न जात नाही."

राणीला त्याचा राग यायला हवा होता. तिला भीती वाटली. गढीच्या भिंती दगडाच्या असल्या तरी दरवाजा उघडणारे हात माणसांचेच होते. आणि ती माणसं आता चवीसाठी तळमळत होती. तिनं त्याला सोडून दिलं आणि बाळंतिणीसाठी स्वतःच्या स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं मीठ पाठवलं.

पाणवठ्यावर बायका काय बोलतात, तेही तिच्या कानावर येत होतंच. राणीचं एक लेकरू, आणि आपली एवढी, असं कुणीतरी म्हणालं होतं. म्हणणारीचं नाव सांगायला दासी तयार होती. राणीनं विचारलं नाही. आपण तिच्या जागी असतो तर आपणही हेच म्हणालो असतो, हे तिला कळत होतं.

शेवटी दरबार भरला. सेनापती उठले. माणूस सच्चा होता, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही त्यांच्यावर उगाच रागवाल. ते म्हणाले, घाट फोडायचा तर भाले हवेत, आणि भाल्यांना लोखंड हवं. राज्यात लोखंडाची सगळ्यात मोठी भांडी आहेत ती पारखशाळेतल्या काहिली. त्या वितळवू. पारखशाळेला जाणारं धान्य आणि सरपण सैन्याकडे वळवू. सुकाळात असले लाड ठीक होते.

पारखशाळा म्हणजे काय, ते सांगायला हवं. राणीच्या सासऱ्यांनी ती बांधली होती. तिथली माणसं दिवसभर 'का' आणि 'कसं' एवढंच विचारत बसायची. कुणी बियाण्यांच्या जाती लावून बघे, कुणी आकाशातल्या ताऱ्यांच्या वाटा आखे, कुणी काढे उकळे. त्यांची मुख्य होती सगुणाआक्का. मोठी विदुषी, केस पिकलेले, पदराला कायम मातीचे डाग. ती बरीच वर्षं त्या शापित पांढऱ्या मातीच्या मागे लागली होती, म्हणून लोक तिला 'माती शिजवणारी' म्हणत.

सेनापतींनी तिच्याकडे वळून विचारलं, "आक्का, शिष्यांची पोटं कशी आहेत आता?"

दरबार हसला. कारण मागल्या वर्षी आक्कानं ती माती पाण्यात कालवून, गाळून, आटवून एक पांढरा खार काढला होता. तो चाखून तिचे सगळे शिष्य, आणि ती स्वतःही, दोन दिवस तांब्या घेऊन पळत होते. सेनापती पुढे म्हणाले, हाच खार शत्रूला खाऊ घालू, लढाई करायचीच गरज नाही.

आक्काही हसली. म्हणाली, "पोटं बरी आहेत. पण एक कळलं, सेनापती. चव खारट होती आणि जुलाब झाले. मिठानं जुलाब होत नाहीत. म्हणजे त्या मातीत मीठ आहे, आणि मिठाच्या शेजारी आणखी कुणीतरी राहतंय."

राणी पुढे सरकली. "त्या दोघांना वेगळं करता येईल?"

"माहीत नाही."

"कधी कळेल?"

"थंडी पडली की. कदाचित."

दरबारात कुजबुज झाली. राज्य बुडायला लागलंय, आणि ही बाई थंडीची वाट बघतेय. राणीचाही धीर सुटला. जी बाई स्वतःच 'माहीत नाही' म्हणते, तिच्या भरवशावर लेकराला कसं ठेवायचं? तिनं पारखशाळा बंद करण्याच्या हुकुमावर शिक्का उमटवला. आक्कानं नमस्कार केला आणि निघून गेली.

त्या दुपारी बाळराजांनी जेवणाला हट्ट मांडला. त्याला दही हवं होतं. गाई आटलेल्या, महालातसुद्धा दूध ओंजळभरच. राणी स्वतः त्याला भरवत होती. वाटीतलं दही संपलं. बाळानं वाटीवर चमचा आपटला आणि कोपऱ्यातल्या छोट्या सटाकडे, म्हणजे दही लावायच्या मातीच्या भांड्याकडे, बोट केलं. सटाच्या तळाशी चमचाभर दही होतं.

राणीनं सट उचलला. चमचा आत घातला. आणि तिचा हात आपोआप थांबला.

लहानपणी तिनं आईला असंच बघितलं होतं. घरात दुष्काळ, पोरं भुकेनं किरकिरताहेत, पण सटाच्या तळाचं विरजण आई कुणाला चाटू देत नसे. तिनं मार दिला, रडवलं, पण विरजण दिलं नाही. कारण दूध आज नाही तर उद्या कुठून तरी मिळेल, शेजारीण देईल, गाय विईल. पण विरजण संपलं, तर त्या दुधाचं दही लागणार कसं?

बाळ हात पसरून रडत होतं. राणीनं सट उंच फळीवर ठेवला. मग ती तशीच खरकट्या हातानं उभी राहिली. आपण सकाळी कशावर शिक्का उमटवून आलो, ते तिच्या ध्यानात आलं. पायात चप्पल घालायचंही तिला सुचलं नाही. बाळाला कडेवर घेतलं आणि ती पारखशाळेकडे निघाली.

तिथे गाड्या लागल्या होत्या. सैनिक काहिली उचलून गाडीत चढवत होते. सगुणाआक्का ओट्यावर बसून मातीच्या पसरट पराती घासत होती. त्या मातीच्या म्हणून कुणी नेल्या नव्हत्या. राणीला बघून ती उठली.

राणीनं सैनिकांना काहिली उतरवायला सांगितलं. मग आक्काला विचारलं, "तुम्ही दरबारात माहीत नाही म्हणालात. खोटं का नाही बोललात? मी शिक्का दिला नसता."

"बाईसाहेब, मी खोटं बोलले असते तर तुम्ही माझ्यावर विसंबला असता. मातीनं काही माझं ऐकलं नसतं," आक्का म्हणाली. "उत्तर मला माहीत नाही. मातीला विचारायचं कसं, ते माहीत आहे."

मग ती राणीला गावच्या वेशीवर घेऊन गेली. संध्याकाळची गुरं परतत होती. पाण्याचा हौद सोडून सगळी गुरं त्या दगडी डोणीभोवती दाटीवाटीनं उभी होती, जिथे लोक शापित मातीचे पाय धुवायचे. डोण कोरडी होती. गुरं तिचा दगड चाटत होती. चाटून चाटून दगड आरशासारखा गुळगुळीत झाला होता. एक म्हातारा बैल डोळे मिटून, जणू देवाचा प्रसाद मिळाल्यासारखा, त्या दगडावरून जीभ फिरवत होता.

राणी वाकून त्या दगडाकडे बघत राहिली. या वेशीतून ती शेकडो वेळा गेली होती. इथेच तिनं बाळाचे पाय धुतले होते, खसाखसा, घाबरून. आणि जे सारं राज्य इथे धुऊन टाकत होतं, त्याच्याच एका कणासाठी आज सारं राज्य तडफडत होतं. डोळ्यांपुढे होतं. बघितलं एकट्या आक्कानंच.

सेनापती तावातावानं आले. राणीनं त्यांना विरजणाचं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "आणि हे दही लागलंच नाही तर, राणीसाहेब?"

"तर नाही लागणार. पण विरजण मीच चाटून संपवलं, हे माझ्या मुलाला मला सांगायचं नाही."

 सेनापतींना पटलं होतं असं नाही, पण त्यांनी गाड्या रिकाम्याच परत न्यायला सांगितल्या.

आता खरी अडचण पुढे आली. माती खरवडायची तर त्या रानात शिरायला हवं, आणि शिरायला कुणी तयार होईना. लोक खुरपी घेऊन आले, रानाच्या कडेला उभे राहिले, आणि एकमेकांकडे बघू लागले. जिथून आलं की पाय धुवायचे, तिथे दिवसभर बसायचं? हातानं माती गोळा करायची?

राणीनं त्यांच्याकडे बघितलं. लहानपणापासूनची भीती तिच्याही मनात होतीच. तिनं बाळाच्या पायातले वाळे सारखे केले, त्याला कडेवरून उतरवलं, आणि अनवाणी त्या पांढऱ्या मातीवर उभं केलं.

 बाळानं खाली बघितलं. माती पायाखाली कुरकुरली. त्याला गंमत वाटली. तो बसला, दोन्ही हातांनी माती थापटू लागला, आणि खुदकन हसला. राणी त्याच्याकडे बघत उभी होती, हात पुढे करून, उचलून घ्यायचा मोह आवरत.

मग गर्दीतून एक बाई पुढे आली आणि खुरपं घेऊन खाली बसली. पाणवठ्यावर जी ते बोल बोलली होती, तीच ती होती, असं पुढे दासी सांगत असे. तिच्या मागून सगळे बसले.

टोपल्या भरभरून पांढरी माती पारखशाळेत आली. ती पाण्यात कालवली, गाळ खाली बसू दिला, पाणी फडक्यातून गाळलं, आणि काहिलींत आटवलं. सगळा माथा धुरानं भरला. आटलेलं पाणी आक्कानं मातीच्या परातींत भरून अंगणात मांडलं. दरबारातल्या कुणालाही कळेल असं तिनं राणीला सांगितलं. या पाण्यात दोन खार आहेत. दोघं एकत्र राहतात, पण स्वभाव वेगळे. मिठाला ऊन-थंडी सारखीच. दुसऱ्याला थंडी सोसत नाही, असं तिला एकदा अंगणात विसरलेल्या परातीवरून वाटलं होतं. खूप गारठा पडला, तर तो दुसरा पाण्यातून बाहेर पडेल. पण हे नुसतं वाटणं होतं. खात्री थंडीच देणार होती.

आणि थंडी पडेना. पौष लागला तरी आभाळ भरलेलं. उबदार, दमट हवा. परातींतलं पाणी नुसतं पाणी. सेनापती रोज अंगणातून जात, परातींकडे बघत, काही बोलत नसत. ते बोलले असते तर बरं, असं राणीला वाटे. तिनं बाळाच्या कपड्यांची पेटी एकदा काढली, एकदा आत ठेवली. पुन्हा काढली. समुद्रकाठी पौषात गरम कपडे लागतात का, हे तिला कुणाला विचारवेना.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मेणा आला. लाल मखमलीचा, आत मऊ गादी, गादीवर एक लाकडी घोडा. वकील गालात हसत होता. राणीनं त्याची उतरायची सोय केली.

त्याच संध्याकाळी वारा फिरला. आभाळ लख्ख झालं, आणि उत्तरेकडून असा गारठा सुटला की चुलीपुढे बसलेल्या माणसाची पाठ थंड राहावी.

पहाटे राणी बाळाला घोंगडीत गुंडाळून पारखशाळेच्या अंगणात आली. सेनापती आधीच तिथे उभे होते. पहारेकरी उभे होते.  राणीनं खाली बघितलं आणि तिचे पाय जागच्या जागी थांबले.

परातीपरातीत काचेचं गवत उगवलं होतं. लांब, सडपातळ, नितळ काड्या, एकीवर एक, जणू कुणी अदृश्य हातानं त्या अंधारात विणत बसलं होतं. काल जिथे नुसतं गढूळ पाणी होतं, तिथे आज सूर्याचा पहिला किरण पडताच सगळं अंगण चमचमायला लागलं. बाळानं घोंगडीतून हात बाहेर काढला आणि 'ऊं' एवढंच केलं. एका पहारेकऱ्यानं हात जोडले. सेनापतींच्या डोळ्यांत पाणी होतं.

"हेच ते," ते म्हणाले. "राणीसाहेब, हेच मीठ. चांदीच्या ताटात काढा. आणि ते घाण पाणी ओतून पराती मोकळ्या करा, पुढच्या मातीला लागतील."

राणीनं होकार दिला. का देऊ नये? जे इतकं सुंदर आहे, तेच मोलाचं असणार. पहारेकऱ्यांनी काड्या ताटात काढल्या आणि एकामागून एक परातींतलं पाणी अंगणात ओतायला लागले.

सगुणाआक्का आतून धावत आली. धावताना तिचा पदर पायात आला आणि ती पडली. पडल्या पडल्याच ती ओरडली, "पाणी नका ओतू. मीठ पाण्यात आहे."

सगळे थबकले. राणीनं ताटातली एक काडी जिभेवर ठेवली. कडू. गार आणि कडू.

"ही चमकणारी ना, तीच पोट बिघडवणारी," आक्का धापा टाकत म्हणाली. "थंडीनं तिला बाहेर काढलं. मीठ मागे राहिलं, त्या गढूळ पाण्यात."

अंगणात पाणी जिरून गेलं होतं. राणीनं धावत जाऊन पहारेकऱ्याच्या हातातली कलती परात धरली. तिच्याच होकारानं अर्ध्याहून जास्त मीठ मातीत परत गेलं होतं. उरलेल्या परातींवर ती अशी वाकली, जशी आजारी बाळावर वाकायची.

उरलेलं पाणी काहिलीत गेलं. सेनापतींनी स्वतः सरपण सारलं. पाणी उकळलं, घट्ट झालं, आणि काहिलीच्या कडेला बारीक पांढरा कण जमू लागला. त्यात चमक नव्हती, काचेचं गवत नव्हतं. रव्यासारखा साधा कण. आक्कानं तो पळीनं काढला, थोडा स्वतः चाखला, आणि थांबली. तिच्या शिष्यांनी चाखला. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत थांबले. ऊन चांगलं वर आलं तरी कुणाचं पोट बोललं नाही. तेव्हा आक्कानं पळी राणीपुढे धरली.

राणीनं चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. चव तोंडभर पसरली आणि तिला सगळं एकदम आठवलं: आईची आमटी, लग्नातलं जेवण, राजाबरोबरची शेवटची न्याहारी.  सगळा आपला माथा, आपलीच माती, आपल्याच पायाखालची.

मग पहिली मूठ तिनं गढीवरच्या त्या पहारेकऱ्याच्या घरी पाठवली, बाळंतिणीसाठी.

दुपारी महालात बाळराजांचं बोरन्हाण झालं. सगळ्या गावाची पोरं गोळा झाली होती. बाळाला पाटावर बसवून त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले आणि पोरांनी ते वेचायला एकच दंगा केला. दारात मेणा उभा होता. वकिलानं अदबीनं विचारलं, निघायचं ना आता?

राणीनं मेण्यातल्या मऊ गादीवर एक छोटं मडकं ठेवलं. वर फडकं बांधलं.

"आमच्या मुलाच्या बोरन्हाणाचं वाण आहे," ती म्हणाली. "तुमच्या राजांना द्या. कमी पडलं तर कळवा म्हणावं."

वकिलानं फडकं सोडून बघितलं, एक कण चाखला, आणि त्याचा चेहरा असा झाला की भोयांनाही हसू आवरेना. लाकडी घोडा मात्र बाळानं सोडला नाही. तो तेवढा माथ्यावर राहिला.

पुढे काय झालं, ते तुम्ही ओळखलंच असेल. मेणा मडकं घेऊन उतरला आणि समुद्रकाठच्या राजाचं हत्यार बोथट झालं. त्याच्याकडे मीठ होतं, पण ज्वारी नव्हती, आणि त्याचे लोकही भाकरीवाचून कुरकुरत होते. होळीच्या आत त्यानंच शिळा बाजूला केल्या. बैल पुन्हा घाट चढू लागले. मीठ पुन्हा आलं, पण आता ते व्यापाराचं मीठ होतं, गळ्यातला फास नव्हता. गढीवरचे हात पुन्हा घट्ट झाले. त्या कडू काड्यासुद्धा वाया गेल्या नाहीत. पोट फुगलेल्या बैलाला त्यातली मूठ दिली की बैल उठून उभा राहतो, हे पारखशाळेनंच पुढे शोधून काढलं, आणि माथ्यावरचे शेतकरी आक्काला दुवा देऊ लागले.

राणीनं एक नेम घालून दिला. दुष्काळ येवो, लढाई येवो, राज्यात सगळ्यांचा वाटा कमी होईल, राणीचा सगळ्यात आधी. पारखशाळेचा वाटा मात्र हलवायचा नाही. त्याला नाव पडलं 'विरजणाचा वाटा'. दर हंगामाला तो पोचवायला सेनापती स्वतः जात. गेले की तिथेच बसत आणि आक्काला नाही नाही ते प्रश्न विचारत. आक्का निम्म्या प्रश्नांना 'माहीत नाही' म्हणे. आता ते ऐकून सेनापतींना धीर येई.

माथ्याचे लोक अजूनही पाय धुतात म्हणे. पण पांढऱ्या रानातून परत आल्यावर नाही, रानात शिरण्याआधी, आपल्या पायांची घाण त्या मातीला लागू नये म्हणून.

आणि राणी? ती त्यानंतरही झोपलेल्या बाळाच्या नाकाशी बोट धरून बघायचीच. ती सवय कुठल्याच आईची जात नाही.

तात्पर्य: संकटात देशानं आपला घास कमी करावा, पण शोध घेणाऱ्या बुद्धीचं विरजण चाटून संपवू नये; उद्याचा दिवस त्यावरच उभा राहतो.